निंभ्याचं धरण आणि निविदेचा भाव

भातकुली तालुका पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात येतो. जमीन काळी, खोल आणि कसदार. पण विहीर खणली तर लागणारं पाणी खारं, आणि ते पिकाला देत राहिलं तर जमिनीचंच वाटोळं होतं. अमरावती, अकोला, बुलडाणा मिळून अशी ८९४ गावं मोजली जातात. अशा मुलखात गोडं पाणी नदी अडवूनच आणावं लागतं, आणि नदी अडवणं कुणा एका शेतकऱ्याच्या किंवा व्यापाऱ्याच्या ऐपतीतलं नाही. तालुक्यात निंभ्याजवळ पेढी नदीवर निम्न पेढी प्रकल्प हाती घेतला गेला तो याच हिशेबाने. पुढे हे नाव मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेलं. जिगाव, निम्न पेढी, रायगड आणि वाघाडी या चार प्रकल्पांची कंत्राटं एका तत्कालीन आमदाराशी संबंधित कंपनीला नियम वाकवून दिली, असा आरोप करणारी ती जनहित याचिका होती.

या प्रकरणाकडे पाहायच्या दोन रीती वऱ्हाडात जुन्या आहेत. एक शेतकरी संघटनेच्या मुशीतली: सरकार जिथे हात घालतं तिथे शेतकरी नागवला जातो, सरकारला बाहेर काढा. दुसरी अनुशेषाच्या चळवळीतली: विदर्भाच्या वाट्याचं आलंच नाही, सरकारने अजून दिलं पाहिजे. दोन्ही बाजू त्यांच्याच तोंडून ऐकाव्यात म्हणून दोन कल्पित माणसं समोरासमोर बसवतो. पहिल्या बाजूचे भाऊ, शेती करून धान्याची अडत सांभाळणारे. दुसऱ्या बाजूचे सर, अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. जिथे राहवणार नाही तिथे मी मधे बोलेन.

भाऊ : सर, हे पेढीचं प्रकरण निघालं की लोक म्हणतात अमका वाईट, तमका वाईट. मी म्हणतो, माणसं बदलून काय होणार? दुसऱ्याच्या पैशाने, दुसऱ्यासाठी खरेदी करणारा माणूस भाव कशाला करेल? कापूस एकाधिकार खरेदी आठवा. १९७१ चा कायदा, ७२ पासून खरेदी. व्यापाऱ्यापासून वाचवतो म्हणून आणली आणि आमचाच कापूस दुसऱ्या कुणाला विकायची आम्हाला बंदी झाली. ग्रेडर म्हणेल ती प्रत, पणन महासंघ म्हणेल तो दिवस, आणि चुकाऱ्यासाठी चकरा. शेजारच्या राज्यात भाव जास्त असला की सीमेवर पोलीस उभे. कापूस पिकवणारा चोर ठरला. त्या योजनेचा तोटा शेवटी सरकारलाही पेलवला नाही. तेव्हा धरणात वेगळं काय होणार होतं? एक खरेदीदार, तोही सरकार, आणि त्याच्या दारात उभे राहिलेले ओळखीचे विक्रेते. याला बाजार म्हणत नाहीत, दरबार म्हणतात.

सर : दरबार म्हणा, पण भाऊ, तुमच्या बाजाराला हा खारपाणपट्टा कधी दिसलाच नसता. जिथे पाणी खारं, माणसांची क्रयशक्ती कमी आणि परतावा वीस वर्षांनी, तिथे खासगी भांडवल येत नाही. म्हणून तर दांडेकर समितीने १९८४ मध्ये अनुशेष मोजला, नंतर निर्देशांक व अनुशेष समितीने पुन्हा मोजला, आणि घटनेच्या कलम ३७१(२) खाली राज्यपालांनी निधीवाटपाचे निर्देश दिले. अमरावती विभागाचा सिंचनाचा अनुशेष सगळ्यात चिवट निघाला. १९९७ साली विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळ झालं ते हे काम वेगाने व्हावं म्हणून. आता खर्च वाढला म्हणून लगेच घोटाळा म्हणणं अन्यायाचं आहे. भूसंपादन महागतं, पुनर्वसनाचे निकष वाढतात, आराखडा बदलतो. सिंचनावरच्या २०१२ च्या श्वेतपत्रिकेत सरकारने हीच कारणं दिली आहेत. गावंच्या गावं उठवायची आणि त्यांना जुन्या दराने पैसे द्यायचे, असं तुम्हाला तरी चालेल का?

सरांचं हे म्हणणं टाकाऊ नाही, आणि सिंचन घोटाळ्यावर लिहिणाऱ्यांनी ते पुष्कळदा सोयीस्करपणे गाळलं आहे. धरणाची किंमत वाढणं हा गुन्ह्याचा पुरावा होत नाही. पण २०१२ साली जी कागदपत्रं बाहेर आली त्यात वाढीचा वेग पाहा. २००९ मध्ये अवघ्या काही महिन्यांत विदर्भातल्या ३८ प्रकल्पांची किंमत ६,६७२ कोटींवरून २६,७२२ कोटींवर नेण्यात आली, म्हणजे चौपट. आणि त्यातल्या ३० प्रकल्पांच्या मंजुऱ्या चार दिवसांत झाल्याचं तेव्हा प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विधानसभेची निवडणूक होती. जमिनीचे भाव ३८ ठिकाणी एकाच हंगामात चौपट होत नाहीत, आणि एका प्रकल्पाचं सुधारित अंदाजपत्रक नीट वाचायलाही चार दिवस पुरत नाहीत. भूसंपादन आणि पुनर्वसन ही कारणं खरी आहेत, पण ती वर्षानुवर्षं हळूहळू लागू होणारी आहेत. या घाईचं उत्तर त्यांत सापडत नाही.

आणि दोघंही ज्या प्रश्नावर भांडताहेत तो, म्हणजे सरकार किती मोठं असावं, या प्रकरणात मला दुय्यम वाटतो. सरकार धरण बांधायला निघतं तेव्हाही त्याच्या आत एक छोटा बाजार असतो. त्याचं नाव निविदा. दहा जण बंद पाकिटात भाव टाकतात, काम काय किमतीला होऊ शकतं हे त्या दहा आकड्यांतून कळतं, आणि सरकारच्या अंदाजपत्रकाची परीक्षा होते. एकाधिकार खरेदीत हा बाजार कायद्यानेच बंद होता. धरणात तो उघडा होता, तरी भाव निघाला नाही. तो कसा बंद पडतो हे कागदाच्या जवळ जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही.

पहिली पायरी पूर्वअर्हतेची. एवढी उलाढाल, एवढी यंत्रसामग्री, अमुक प्रकारच्या कामाचा अमुक वर्षांचा अनुभव, अशा अटी लावल्या की दहाचे तीन उरतात. त्या तिघांनी आपसात ठरवलं, की दोघं उंच भाव टाकून हरतात आणि पुढच्या कामात त्यांची पाळी येते. याला ठेकेदारांच्या भाषेत रिंग म्हणतात. मोठ्या प्रकल्पात अनुभवाची अट हवीच, त्यामुळे ही पायरी बाहेरून निर्दोष दिसते. दुसरी पायरी अंदाजपत्रकाची. मंजूर किमतीपेक्षा निविदा ठराविक टक्क्यांहून वर गेली तर वरच्या मान्यतेची भानगड येते. म्हणून निविदा उघडण्याआधीच नवी दरसूची लावून अंदाजपत्रक अद्ययावत करायचं, म्हणजे चढी निविदाही मर्यादेत बसते. वडनेरे चौकशी समितीने २०१० मध्ये विदर्भ महामंडळातल्या ज्या गोष्टींवर बोट ठेवलं त्यात निविदा-किमतीचं हे अद्ययावतीकरण होतं. तिसरी पायरी मोबिलायझेशन ॲडव्हान्सची. यंत्रं आणायला म्हणून काम सुरू होण्याआधीच ठेकेदाराला उचल. निविदेच्या नोटिशीत अशी उचल आहे हे सगळ्यांना माहीत असेल तर तिचा परिणाम भावात उतरतो, कारण व्याज वाचणार म्हणून प्रत्येक जण भाव कमी टाकेल. काम मिळाल्यावर मागाहून ती दिली, तर ती एकट्या ठेकेदाराची झाली. चौथी पायरी कलम ३८ आणि जादा बाबींच्या दरयादीची: निविदेतल्या परिमाणापेक्षा काम सव्वापटीच्या वर गेलं की त्यापुढचे दर चालू दरसूचीवरून ठरतात, आणि निविदेत नसलेल्या बाबींचे दर नव्याने. पाटबंधाऱ्याच्या उपविभागात बसलेल्या कुठल्याही शाखा अभियंत्याला हे पाठ असतं. भाव कमी टाकून काम घ्यायचं आणि या दोन दारांतून वसूल करायचं. चारही पायऱ्यांवर कागद नियमाला धरून दिसू शकतो. फक्त शेवटी जी किंमत निघते तिचा स्पर्धेशी काही संबंध उरलेला नसतो. ती मंजूर करणाऱ्याची किंमत असते.

भाऊ : मग मी वेगळं काय म्हणत होतो? निविदा सरकारच्या हातात म्हणून बिघडली. पाणी विकायचा हक्क कंपन्यांना द्या, त्यांचा पैसा त्यांना ओतू द्या, बुडाले तर त्यांचे बुडतील. काऊन नाही?

सर : कारण तो प्रयोगही आपल्याच जिल्ह्यात झाला आहे, भाऊ. नांदगाव पेठला इंडियाबुल्सचा सोफिया औष्णिक वीज प्रकल्प आला, पहिल्या टप्प्यात १,३५० मेगावॉट. पैसा कंपनीचा, जोखीम कंपनीची, तुमच्या पुस्तकातल्यासारखं. पण पाणी? अप्पर वर्धा धरणातलं ८७.६ दशलक्ष घनमीटर पाणी मंत्र्यांच्या उच्चाधिकार समितीने त्या प्रकल्पाला दिलं, आणि त्यापायी तेवीस हजार हेक्टरांहून जास्त सिंचन कमी होणार होतं. २००५ च्या कायद्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरण नेमलं होतं, पाणीवाटप त्याने करायचं होतं. समितीने त्याला विचारलंच नाही. नंतर २०११ च्या एप्रिलमध्ये, अधिवेशनाच्या शेवटी, कायदाच बदलला आणि आधीचे निर्णय मागच्या तारखेपासून कायदेशीर करून टाकले. सांगा, इथे सरकार कमी होतं का जास्त?

सरांनी हे उदाहरण दिलं हे बरं झालं, कारण ते त्यांच्याही बाजूने नाही आणि भाऊंच्याही. कंपनीने जे मिळवलं ते बाजारात जिंकून मिळवलेलं नव्हतं. पाण्याचा लिलाव झाला असता आणि मोर्शी-तिवसा-चांदूरच्या कालव्यावरच्या शेतकऱ्याला त्याच्या हक्काचा मोबदला मिळाला असता, तर त्याला बाजार म्हणता आलं असतं. नियामकाने सुनावणी घेऊन, कारणं देऊन वाटप केलं असतं, तर त्याला शासन म्हणता आलं असतं. दोन्ही झालं नाही. राजकीय अर्थशास्त्रात याला राज्य ताब्यात घेणं म्हणतात. साधा लाचखाऊपणा असतो तेव्हा नियम जागेवर असतो आणि पैसे देऊन तो मोडला जातो. ताबा घेतला जातो तेव्हा नियमच लाभार्थ्याच्या मापाने शिवला जातो, आणि मग मोडायला काही उरत नाही. जॉर्ज स्टिगलरने १९७१ मध्ये अमेरिकेतल्या नियामक संस्थांबद्दल हे मांडलं होतं: उद्योगावर लगाम म्हणून आलेलं नियमन उद्योगच मिळवतो आणि आपल्या फायद्यासाठी चालवतो. सोव्हिएत पाडावानंतरच्या देशांमध्ये जागतिक बँकेच्या हेलमन, जोन्स आणि कॉफमन यांनी हजारो कंपन्यांची पाहणी केली, तेव्हा आढळलं ते असं की जिथे ताबा घट्ट तिथे ताबा घेणाऱ्या कंपन्या भराभर वाढतात, पण एकूण उद्योगक्षेत्राची वाढ इतर देशांच्या जवळपास निम्म्यावर येते. म्हणजे चार जणांची भरभराट बाकीच्यांच्या खर्चाने होते, आणि बेरीज घटतेच.

भाऊ : हे मान्य केलं तरी एक शंका राहते. ओळखीपाळखीशिवाय धंदा जगात कुठे झाला? दक्षिण कोरियात पार्क चुंग-ही यांनी मोजकी घराणी हाताशी धरली, स्वस्त कर्जं दिली, परवाने दिले. त्यातूनच सॅमसंग आणि ह्युंदाई उभ्या राहिल्या. मग आमच्या ठेकेदाराने दोन पैसे जास्त खाल्ले पण धरण बांधलं, तर बिघडलं कुठे?

हा आक्षेप सगळ्यात भारी आहे, आणि चहाच्या टपरीपासून मंत्रालयापर्यंत तो वेगवेगळ्या शब्दांत ऐकू येतो. कोरियातली जवळीक खरी होती, आणि तिथला भ्रष्टाचारही खरा होता. पण त्या कर्जाला एक अट होती: निर्यात करून दाखवा. कोरियन कंपनीचा माल विकत घेणारा अमेरिकेतला ग्राहक सोलच्या राष्ट्राध्यक्षांचा मेहुणा नव्हता. माल वाईट असला तर तो घेत नसे, निर्यात पडली की सवलत जाई, आणि मर्जीतल्या कितीतरी कंपन्या बुडू दिल्या गेल्या. मर्जी आत होती, पण परीक्षा बाहेरची होती. निंभ्याच्या धरणाचा बाहेरचा परीक्षक कोण? पाण्याची वाट पाहणारा शेतकरी. त्याच्या हातात ना बिल थांबवायचा अधिकार, ना दुसऱ्या धरणाकडे जायची सोय. ठेकेदाराचा पैसा पाणी शेतात पोचण्यावर अवलंबून नसतो, मोजमाप पुस्तिकेत चढलेल्या घनमीटरवर असतो. म्हणून जिथे ताबा आहे तिथे भिंतीचं माती काम जोरात चालतं, आणि वितरिका, लघुवितरिका, शेतचाऱ्या वर्षानुवर्षं रेंगाळतात. माती कामात यंत्र लावलं की रोज बिल निघतं. शेतचारीत चाळीस शेतकऱ्यांशी भांडावं लागतं आणि बिल किरकोळ. नवीन काम सुरू करण्यात उचल आहे, भूमिपूजन आहे; जुनं पूर्ण करण्यात काही नाही. तेव्हा निधी पन्नास ठिकाणी पातळ पसरतो, जमीन ताब्यात नसताना काम सुरू होतं, मग थांबतं, थांबलं की किंमत वाढते, आणि वाढलेली किंमत पुढच्या सुधारित मान्यतेचं कारण होते. ‘दोन पैसे खाल्ले पण काम केलं’ हा हिशेब म्हणूनच चुकतो. काम कुठलं आधी करायचं आणि कुठलं कधीच पूर्ण करायचं नाही हेच त्या दोन पैशांनी ठरतं.

सर : तुम्ही ठरवूनच बसलात. पण न्यायालयात काय टिकलं? सिंचनाच्या चौकशीसाठी नेमलेल्या माधव चितळे यांच्या समितीचा अहवाल २०१४ मध्ये आला. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने २०१८ मध्ये तत्कालीन मंत्री अजित पवार यांच्यावर जबाबदारी ठेवणारं शपथपत्र दिलं आणि २०१९ च्या डिसेंबरमध्ये त्याच विभागाने त्यांना निर्दोष म्हणणारं दुसरं शपथपत्र दिलं. दोष सिद्ध झालेला नसताना एवढी मोठी इमारत कशावर उभारता?

कुणा एका माणसाच्या गुन्ह्यावर ती उभी नाही. कोण दोषी हे न्यायालयाने ठरवायचं, आणि सिद्ध होईपर्यंत कुणालाही दोषी म्हणू नये, हे सरांचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. पण त्या दोन शपथपत्रांतच जे आहे ते पाहा. पहिल्यात म्हटलं होतं की नस्त्या महामंडळाच्या कार्यकारी संचालकाकडून खात्याच्या सचिवाला वगळून थेट मंत्र्यांकडे गेल्या, आणि कामकाजाच्या नियमांनुसार खात्याची जबाबदारी मंत्र्याची असते. दुसऱ्यात म्हटलं की चूक अधिकाऱ्यांची, महामंडळाच्या अध्यक्षाला, म्हणजे मंत्र्याला, त्यासाठी धरता येत नाही. वर्ष-सव्वा वर्षात सत्तेची मांडणी बदलली आणि त्याच कागदांवरून निष्कर्ष उलटा झाला. यातला कुठला निष्कर्ष बरोबर होता याच्या वादात मी पडत नाही. तपास यंत्रणेचं मत सरकारबरोबर फिरतं हे मात्र कुणालाही दिसतं, आणि बाजाराच्या दृष्टीने तेच पुरेसं घातक आहे. ज्या ठेकेदाराला ओळख नाही तो हे पाहतो आणि निविदा भरायचं सोडून देतो. ज्याला ओळख आहे तो नवं यंत्र घेण्याऐवजी ओळख जपण्यात पैसा घालतो. ॲन क्रूगर यांनी १९७४ मध्ये दाखवलं होतं की परवान्याच्या मागे धावण्यात जाणारा पैसा आणि वेळ हेही देशाचं नुकसानच असतं, परवाना शेवटी कुणालाही मिळो.

अनुशेषाबद्दल सरांनी जे मांडलं त्याचा दुसरा भाग त्यांनीच बोलायला हवा होता. विदर्भाची मागणी न्याय्य होती, म्हणूनच ती ढाल म्हणून उपयोगी पडली. कुणी किमतीबद्दल विचारलं की उत्तर तयार: तुम्हाला विदर्भाचा विकास नको का? २०११-१२ च्या राज्याच्या आर्थिक पाहणीत दहा वर्षांत सिंचित क्षेत्राचं प्रमाण जेमतेम ०.१ टक्क्याने वाढल्याचं दिसलं, त्या काळात खर्च झाला होता सुमारे ७० हजार कोटी, तेव्हा आकड्यांच्या व्याख्येवर वाद घातला गेला. सिंचन क्षमता आणि प्रत्यक्ष सिंचन यांत फरक असतो, हे खरंच. पण क्षमता कागदावर भिजते आणि हरभरा शेतात वाळतो. अनुशेष पैशांत मोजला गेला तोवर तो खर्चून ‘संपवता’ येत होता, मग पाणी मिळो न मिळो.

भाऊंच्या बाजूचं जे राहतं तेही सांगतो. ज्याच्या शेतात पेढीचं पाणी पोचत नाही त्याला भाजीपाला, संत्रा, रब्बी गहू यांतलं काही निवडताच येत नाही. त्याच्यासमोर कोरडवाहू कापूस, तूर, सोयाबीन आणि ओलीवर हरभरा. म्हणजे तो अडतीत येतो तोच एका भावाला बांधलेला, सगळ्यांचा माल एकाच वेळी उतरल्यावर. खुल्या बाजाराची शपथ घेणाऱ्या भाऊंना त्यांच्याच तालुक्यात खुला बाजार मिळू शकला नाही, कारण निविदेच्या पाकिटातला बाजार आधीच मेला होता. सरकार दूर केल्याने तो जिवंत झाला नसता, आणि नुसता निधी वाढवल्यानेही नाही. अंदाजपत्रक करणारा, ते मंजूर करणारा आणि बिल तपासणारा ही तीन माणसं एकाच मंत्र्याच्या हाताखाली असू नयेत. पूर्वअर्हतेच्या अटी कुणी आणि का ठरवल्या, किती जणांनी निविदा भरली, किती बाद झाल्या, प्रत्येक सुधारित मान्यतेत कुठली बाब किती वाढली, हे गावच्या ग्रामपंचायतीत मराठीत लागलं पाहिजे. ई-निविदा आल्यापासून पाकीट चोरणं अवघड झालं आहे, पण अटी लिहिणारा हात तोच आहे.

हे सगळं जुनं झालं असं ज्यांना वाटतं त्यांनी वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाकडे पाहावं. २०२४ मध्ये त्याला मान्यता मिळाली: सुमारे ४२६ किलोमीटरचा कालवा, अमरावती, अकोला, बुलडाण्यासह सहा जिल्हे, आणि अंदाजित किंमत ८७ हजार कोटींहून अधिक. २००९ चे ते ३८ प्रकल्प चौपट होऊनही ज्या आकड्याला पोचले त्याच्या हा तिपटीहून मोठा. वऱ्हाडातल्या आमदारांना आणि खासदारांना लोक पाणी कधी येणार हे विचारतातच. या वेळी पहिली निविदा निघायच्या आधी आणखी एक प्रश्न विचारा: निविदा भरायला पात्र किती कंपन्या आहेत, आणि त्या अटी कुणी लिहिल्या?